समुद्रातला टँकर, ड्रायव्हर नसलेला (एमक्यू-२५ बद्दल गप्पा)

मांजराकाठ (लातूर)

मंडळी,

२०१६ चा उन्हाळा ज्यांनी लातुरात काढला त्यांना टँकर म्हणजे काय हे सांगायला नको. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. फोटो सगळ्या देशाने बघितले. आमच्या गल्लीला त्याच्या आधीही टँकर होता आणि नंतरही. बाबा तेव्हा एका मालकाचा दहा हजार लिटरचा टँकर चालवायचे. विहीर जवळ होती तोवर दिवसाला सहा खेपा व्हायच्या. ती आटली आणि पुढची चाळीस किलोमीटरवर निघाली, तेव्हा कशाबशा दोन. रात्री घरी आले की म्हणायचे, "आता पाणी कमी अन् डिझेलच जास्त वाहायलोत."

हे वाक्य परवा भलत्याच ठिकाणी आठवलं. अमेरिकी नौदलाच्या एमक्यू-२५ स्टिंगरे या विमानाबद्दल वाचत बसलो होतो. विमानवाहू जहाजावरून उडणार, आत माणूस नाही, आणि मुख्य काम एकच: हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानांना इंधन पाजणं.

बिनमाणसाचं विमान म्हटलं की आपल्याला बॉम्ब टाकणारं काहीतरी दिसतं. त्यांच्याही मनात आधी तसंच होतं. एक्स-४७बी नावाचं विमान १० जुलै २०१३ रोजी 'जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश' या जहाजावर आपलं आपण उतरलं, डेकवरची आडवी तार पकडून. २०१५ च्या एप्रिलात त्यानेच हवेत टँकरकडून इंधन घेऊनही दाखवलं. एवढं हुशार पोरगं! आणि २०१६ मध्ये ठरलं काय, तर टेहळणी आणि हल्ल्याचा बेत बाजूला ठेवा, पहिल्यांदा टँकर करा. बोर्डात आलेल्या पोराला पाण्याच्या गाडीवर बसवल्यासारखंच झालं.

पण हिशोब मांडला की त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. आज जहाजावर हे काम करतं कोण? सुपर हॉर्नेट, म्हणजे लढाऊ विमानच. पंखांखाली चार जादा टाक्या, पोटाखाली पाइप गुंडाळलेला पॉड, आणि निघालं दुसऱ्याला पाजायला. सुपर हॉर्नेटच्या उड्डाणांपैकी २० ते ३० टक्के यातच जातात असं त्यांचे अधिकारी सांगत आलेत. शंकरपटाचा खोंड पाण्याच्या गाड्याला जुंपायचा, तसा प्रकार. वर त्या विमानाचं आयुष्य तासांत मोजलेलं असतं (मुळात सहा हजार तासांचं), ते घिरट्या घालण्यात संपतं. पूर्वी इंट्रूडर या विमानाचा खास टँकर होता, केए-६डी. तो नव्वदच्या दशकात गेला. मग एस-३ वायकिंग हे काम करायचं, तेही २००९ मध्ये निवृत्त झालं. तेव्हापासून खोंडच.

एमक्यू-२५ चं कंत्राट ३० ऑगस्ट २०१८ रोजी बोइंगला मिळालं, पहिल्या चार विमानांसाठी ८० कोटी ५० लाख डॉलर. अपेक्षा अशी की जहाजापासून ५०० नॉटिकल मैल लांब जाऊन तिथे १४-१५ हजार पाउंड इंधन द्यायचं. ५०० नॉटिकल मैल म्हणजे ९२६ किलोमीटर. लातूरहून मुंबईला जाऊन परत येण्याइतकं अंतर, तेही एका बाजूचं. आणि १५ हजार पाउंड म्हणजे साधारण ६,८०० किलो, लिटरमध्ये सव्वाआठ-साडेआठ हजार. बाबांचा टँकर याहून मोठा होता! पण सुपर हॉर्नेटच्या स्वतःच्या पोटात १४,७०० पाउंड मावतं. म्हणजे एका विमानाची टाकी काठोकाठ, किंवा चार विमानांना थोडं थोडं.

दोन प्रश्न आहेत. पहिल्यांदा टँकरच का, हे मला जेवढं कळलं ते बरोबर आहे का? आणि आपल्या विक्रांतवर असं काही बसेल का? जाणकारांनी लिहावं.

उगंच_एक

म्हणजे टँकर लॉबी समुद्रात पण पोचली म्हणा की.

डेकवरचा (अंबाजोगाई)

मास्तर, चांगलं लिहिलंत. एक गोष्ट राहिली, ती सांगतो.

मी १९८३ ला नौदलात गेलो. आमच्या कोरडवाहू गावातला पहिलाच. समुद्र बघितला तो भरती झाल्यावर. जुन्या विक्रांतवर तेव्हा वाफेचा कॅटापुल्ट (विमानाला जोरात पुढे फेकणारं यंत्र) होता आणि उतरायला डेकवर आडव्या तारा. अलिझे उतरताना मी डोळ्यांनी बघितलंय. शेपटीखालचा हूक तारेत अडकला तर विमान दोन-तीन सेकंदांत उभं. नाही अडकला तर पायलट पूर्ण ताकद लावून तसाच पुढून उडून जाणार आणि चक्कर मारून परत येणार. याला बोल्टर म्हणतात. अलिझे पंख्याचं विमान, तासन् तास हवेत राहायचं. त्याला घाई नव्हती. चुकलं तर चुकलं, परत ये बाबा. जेटला हे परवडत नाही.

कारण ऐका. टाकी भरलेली ठेवून विमान डेकवर उतरूच शकत नाही. तारेला, चाकांना, सगळ्याला वजनाची मर्यादा असते. त्यामुळे ते येतानाच हलकं येतं, म्हणजे थोडक्या इंधनावर. थोडकं इंधन म्हणजे मोजके प्रयत्न. रात्रीची वेळ, पाऊस, डेक वर-खाली होतोय. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. किनाऱ्यावरची धावपट्टी जवळ असेल तर तिकडे पळायचं, आणि तेवढं इंधन आधीच राखून ठेवायचं. त्या आकड्याला ते लोक 'बिंगो' म्हणतात. पण चहूकडे पाणीच असेल तर? तेव्हा डोक्यावर टँकर पाहिजे. म्हणून विमानं उतरायच्या वेळी एक टँकर वर फिरत ठेवलेला असतो. दोनदा चुकलेला पायलट वर जातो, दोन घोट घेतो, श्वास घेतो, परत येतो.

सगळे लांब पल्ल्याचं बोलतात. टँकरचं रोजचं काम हे आहे, पोरांना घरी आणणं.

मांजराकाठ

काका, हे कुठल्याच लेखात इतकं सरळ नव्हतं. नमस्कार.

फवारणीवाला (जिंतूर)

लई भारी धागा. मी दहा लिटरचा ड्रोन घेऊन फवारणी करायलो, दोन हंगाम झाले. वजनाचं गणित आमाला रोज दिसतंय. टाकी भरून उडवला तर आठ-दहा मिनिटं, रिकामा उडवला तर त्याच्या दुप्पट. शेताच्या धुऱ्यावर बॅटऱ्यांची रांग अन् एक माणूस नुसता चार्जिंगला. आमचा टँकर म्हणजे तो माणूस!

पण मला कळंना, मधी रेंज तुटली तर ते काय करतंय? माझा एकदा सिग्नल गेला अन् डायरेक्ट शेजाऱ्याच्या तुरीत. कंपनीला फोन केला तर म्हणे तुम्हीच काहीतरी दाबलं असंल. ते हजारभर किलोमीटर लांब जाणार, तिथं कोणाच्या तुरीत पडंल?

उगंच_एक

माशाच्या.

दुधनाताई (वाळूज)

सिग्नलचं नंतर बघू, आधी नळीबद्दल. माझा तोच धंदा आहे. होज आणि क्विक कपलिंग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत चौदा वर्षं झाली.

एमक्यू-२५ च्या डाव्या पंखाखाली जो पॉड लटकतो तो नवा नाही. सुपर हॉर्नेट पोटाखाली जो वापरतं तोच, कॉबहॅमचा. पॉडच्या नाकावर एक छोटा पंखा असतो. विमान पुढे जाताना वाऱ्याने तो फिरतो आणि त्याच्या जोरावर आतली यंत्रणा चालते. मागून पाइप सुटतो, टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली, तिला ड्रोग म्हणतात. घेणाऱ्या विमानाच्या नाकापाशी पुढे आलेली दांडी, तो प्रोब. दांडी टोपलीत बसली की कपलिंग आपोआप घट्ट जुळतं आणि इंधन सुरू.

गंमत वेगाची आहे. दोन्ही विमानं ताशी चार-पाचशे किलोमीटरने चाललेली, पण दांडी टोपलीकडे सरकते ती माणूस चालतो त्या वेगाने, ताशी पाच-सहा किलोमीटर. हळू गेलं तर कपलिंग बसत नाही. जोरात गेलं तर पाइप सैल पडतो, त्यात लाट उठते आणि ती लाट दांडी मोडूनही नेते. म्हणून आतलं रीळ तो सैलपणा लगेच गुंडाळून घेतं. आमच्याकडे रीळ वेळेवर ओढत नसेल तर आम्ही माल परत पाठवतो. तिथे वर परत पाठवायला कोणी नाही.

आता मास्तरांच्या पहिल्या प्रश्नाकडे. या सगळ्यात टँकरने करायचं काय? काहीच नाही! सरळ उडायचं, उंची सोडायची नाही, वेग सोडायचा नाही, लांबट गोल फेऱ्या मारत राहायचं. कसब सगळं घेणाऱ्याचं. तिथे माणूस बसलेलाच आहे. म्हणजे ज्या कामात माणसाला कंटाळा येतो आणि कंटाळ्याने चूक होते, ते काम यंत्राला दिलं. मला हे फार पटतं. रात्रपाळीत गेज बघत बसणाऱ्यांना विचारा.

टी-१ नावाच्या नमुना विमानाने हे करूनही दाखवलंय. १९ सप्टेंबर २०१९ ला इलिनॉयमध्ये ते पहिल्यांदा उडालं. ४ जून २०२१ ला त्याने सुपर हॉर्नेटला इंधन दिलं. बिनमाणसाच्या विमानाने दुसऱ्या विमानाला इंधन द्यायची ती पहिलीच वेळ. सुपर हॉर्नेट त्याच्या २० फुटांपर्यंत जवळ गेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टात ई-२डी हॉकआय या टेहळणी विमानाने आणि सप्टेंबरात एफ-३५सी या लढाऊ विमानाने, दोघांनीही घेतलं.

हिशोबनीस (छत्रपती संभाजीनगर)

> करूनही दाखवलंय

ताई, नमुन्याने दाखवलं. नमुना आणि जहाजावर रोज राबणारं विमान यात आपल्या निविदेत आणि कामात असतं तेवढंच अंतर आहे. कंत्राट झालं तेव्हा २०२४ पर्यंत ताफ्यात कामाला लागेल असं म्हणत होते. ते पुढे गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर त्यांच्याच संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी लिहिलं, की चाचण्या पुऱ्या व्हायच्या आधीच उत्पादनाचा निर्णय घ्यायचं चाललंय, त्यात धोका आहे. ७६ विमानं घ्यायची आहेत. मी लेखापरीक्षणातला माणूस. "आधी बनवू, मग तपासू" हे वाक्य मी ज्या ज्या फायलीत वाचलं त्या फायली अजून बंद झालेल्या नाहीत.

दुसरं, मूळ गोष्टच घ्या. तुम्ही इंधन नेण्यासाठी इंधन जाळताय. जितकं लांब, तितका तोटा. मास्तरांच्या बाबांनी एका ओळीत सांगितलंय ते.

मांजराकाठ

हिशोबनीस, याच मुद्द्यावर एक खरी गोष्ट सांगतो. वर्गात गुणोत्तर शिकवताना मी हीच वापरतो.

१९८२ चं फॉकलंड युद्ध. ब्रिटनला त्या बेटांवरच्या स्टॅन्ली गावच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायचे होते. सगळ्यात जवळचा तळ असेन्शन बेट, तो सुमारे ६,३०० किलोमीटरवर. व्हल्कन बॉम्बफेकी विमानाला एवढी झेप नव्हती. मग ३० एप्रिलच्या रात्री अकरा व्हिक्टर टँकर आणि दोन व्हल्कन उडाले. त्यातलं एक व्हल्कन राखीव. मुख्य व्हल्कनमध्ये बिघाड निघाला, ते परत फिरलं आणि राखीवच पुढे गेलं. व्हिक्टरने व्हल्कनला पाजायचं, व्हिक्टरने व्हिक्टरला पाजायचं, रिकामे झालेले मागे फिरायचे. शेवटच्या व्हिक्टरने व्हल्कनला इतकं देऊन टाकलं की त्याचं स्वतःचं परतीचं भागेना. त्याला घरी पोचायला दुसरा टँकर बोलवावा लागला.

एवढं सगळं एका व्हल्कनसाठी. जवळपास सोळा तासांचं उड्डाण, एकवीस बॉम्ब, त्यातला धावपट्टीवर बरोबर पडला तो एक.

बाबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "त्यापेक्षा विहीर खांदायची."

हिशोबनीस

बाबांना आमच्या कार्यालयात पाठवा.

गोदाकाठचा_पोरगा (नांदेड)

बाबांचं बरोबर आहे, पण समुद्रात विहीर खांदता येत नाही, तिथे जहाज हीच विहीर. आणि ती विहीर आता मागे मागे सरकायला लागली आहे. चीनकडे डीएफ-२१डी नावाचं जहाजावर मारा करणारं क्षेपणास्त्र आहे, पल्ला दीड हजार किलोमीटरच्या आसपास. डीएफ-२६ त्याहून कितीतरी लांब जातं. जहाज तेवढं लांब ठेवायचं म्हटलं तर त्यावरचं विमान लक्ष्यापर्यंत पोचतच नाही. सुपर हॉर्नेटचा मारा साधारण ४५० नॉटिकल मैलांचा, तो ७०० च्या पुढे न्यायचा हा नौदलाचा अंदाज. म्हणून काकांचं "घरी आणणं" आणि हे "लांब नेणं", दोन्ही खरं. पैसे मात्र दुसऱ्यासाठी मिळतात.

आणि आजवर लांबचं काम बहुतेक जमिनीवरच्या मोठ्या टँकरांनी केलंय. २००१ मध्ये अफगाणिस्तानवर हल्ले चालू होते तेव्हा अरबी समुद्रातल्या जहाजांवरून उडालेली विमानं वाटेत हवाई दलांच्या मोठ्या टँकरांकडून पिऊन जायची. शेजारचे तळ वापरायला मिळाले तोवर ठीक. नाही मिळाले तर?

आता विक्रांतबद्दल. मास्तर, सरळ उत्तर: एमक्यू-२५ आपल्या विक्रांतवरून उडू शकणार नाही. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत ताफ्यात आलेल्या विक्रांतवर कॅटापुल्ट नाही, समोर चढण आहे, स्की-जंप. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर पळतं आणि चढणीवरून वर फेकलं जातं. मिग-२९के ला ते जमतं कारण त्याच्या इंजिनात तेवढा जोर आहे. तरी पूर्ण भार घेऊन नाहीच. टँकर म्हणजे नुसतं वजन, इंजिन बेताचं. त्याला कॅटापुल्टचा धक्का लागतोच.

डेकवरचा

याचं मला वाईट वाटतं हो. १९६१ च्या विक्रांतवर कॅटापुल्ट होता, २०२२ च्या विक्रांतवर नाही. आमच्या जुन्या जहाजाचाही नंतर काढलाच, पुढे चढण बसवली, हॅरियर विमानांसाठी. तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. वाफेचा कॅटापुल्ट सांभाळणाऱ्या पोरांचे हात मी बघितलेत.

गोदाकाठचा_पोरगा

काका, चीनचं विमानवाहू जहाज 'फुजियान' नोव्हेंबर २०२५ मध्ये ताफ्यात आलं, विद्युत-चुंबकीय कॅटापुल्टसह. वाफेची कटकटच नाही.

आपल्याकडे आज आहे ते असं: हवाई दलाकडे सहा आयएल-७८ टँकर, २००३ पासून, आग्र्याला. १० सप्टेंबर २०१८ ला तेजसने पहिल्यांदा हवेत इंधन घेतलं ते याच टँकरकडून, २० हजार फुटांवर १,९०० किलो. २०२० च्या जुलैत राफेल अंबाल्याला आले तेव्हा वाटेत फ्रान्सच्या टँकरने पाजलं होतं. नौदलात मिग-२९के एकमेकांना पाजू शकतात. एप्रिल २०२५ मध्ये २६ नौदली राफेलचा करार झाला, २२ एकआसनी आणि ४ दोनआसनी. तेही पॉड लावून एकमेकांना पाजतात. म्हणजे आपल्याकडेही खोंडच गाड्याला.

माझं मत विचाराल तर भारताला एवढी घाई नाही. आपला देशच समुद्रात घुसलेला आहे. गोवा, कोची, विशाखापट्टणम, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) एवढ्या धावपट्ट्या आहेत. मोठे टँकर वाढवले तर हिंदी महासागराचा बराच भाग जमिनीवरूनच भागतो. सहा फारच कमी आहेत.

उगंच_एक

आधी आमच्या तालुक्याला सहा टँकर द्या. गेल्या साली दोन मंजूर अन् कागदावर पाच फिरले. कोणी फिरवले ते नाव घेऊनच सांगतो...

संचालक

उगंच_एक, नाव असलेली पुढची वाक्यं काढली आहेत. पाण्याच्या टँकरसाठी वेगळा धागा आहे आणि तो चांगला चाललाय. इथे विमानाचंच बोलू.

फवारणीवाला

माझ्या सिग्नलचं कुणी सांगंना!

दुधनाताई

सांगते भाऊ, विसरले नाही. तुमच्या ड्रोनसारखं ते काडीवर चालत नाही. तुम्ही हातातल्या रिमोटने डावं-उजवं करता. एमक्यू-२५ चा चालक जहाजात खाली खोलीत बसतो आणि पडद्यावर माउसने "इथे जा, इतक्या उंचीवर फेऱ्या मार" एवढंच सांगतो. पंख कसे हलवायचे, डेकवर कसं उतरायचं ते विमान स्वतः बघतं. त्यामुळे मधे सांगणं बंद झालं तरी ते गोंधळून तुरीत जाणार नाही, आधी ठरवून दिलेलं करेल. त्या खोलीला वेगळं नाव आहे, वेगळी यंत्रं आहेत, आणि ती पहिल्यांदा बसवली ती बुश जहाजावरच.

आणि "माणूस नाही" हे अर्धवट खरं. विमानात नाही. जहाजावर आहेतच, आणि यासाठी त्यांनी अधिकाऱ्यांची नवी शाखा काढलीय. कॅलिफोर्नियात पॉइंट मुगूला शिकवणारं पथक २०२२ मध्ये उभं राहिलं.

फवारणीवाला

मंग बरंय. पण डेकवर चालतंय कसं? आमच्या शेतात मोकळं रान हाय तरी मी लेकरं लांब उभी करतो. तिथं तर विमानाला विमान चिकटून उभं असतंय म्हणता.

डेकवरचा

भाऊ, हा प्रश्न मला विचारा! माझी सगळी नोकरी यात गेली. विमान हवेत असतं तेव्हा पायलटचं, डेकवर आलं की आमचं. आम्ही हातांनी खुणा करतो: पुढे, थांब, पंख मिटव, डावं चाक दाब. आवाज इतका असतो की बोलून उपयोग नाही, आणि रात्री हातात दिवे. पायलटने आपल्याकडे बघितलं पाहिजे. त्याने बघितलं हे आपल्याला कळलं पाहिजे. विराट जहाजावर हॅरियर उभे खाली यायचे, पण ढकलाढकली तीच, जागा तीच बोटभर.

मग आत माणूसच नाही तर बघणार कोण? मलाही हेच वाटलं. २०२१ च्या डिसेंबरात त्यांनी टी-१ बुश जहाजावर नेऊन हेच तपासलं. त्यातली युक्ती साधी आहे. खुणा करणारा खुणा करतोच, जशा माणसाच्या विमानाला करतो तशाच. त्याच्यापाशी दुसरा एक जण हातात यंत्र धरून उभा. तो खुणा बघतो आणि यंत्रावर तेच करतो. विमानाचे डोळे म्हणजे तो. खुणांची भाषा बदलली नाही, हे मला फार आवडलं. कुणातरी डेकवाल्याला विचारून केलेलं दिसतंय.

विमान मोठं आहे बरं का. पंख पसरले की २३ मीटरच्या आसपास, मिटले की साडेनऊ. मिटलं नाही तर आमच्यासारख्यांनी त्याला डेकवर उभंच राहू दिलं नसतं.

हिशोबनीस

काका, तुमचं वाचून मी थोडा मवाळ झालोय. थोडाच. माझा प्रश्न वेगळा: हे इंधन पेट्रोल पंपावरचंच का? जहाजात लाखो लिटर साठवायचं म्हणजे विमा कोण देणार?

डेकवरचा

नाही. जमिनीवर विमानांना जे घालतात ते ३८ अंशांपासून पुढे पेट घेऊ शकेल अशी वाफ सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात परळीत सावलीतच एवढं असतं. जहाजावर ते चालत नाही. तिथे अ‍ॅव्हकॅट, अमेरिकेचे लोक त्याला जेपी-५ म्हणतात, ते ६० अंशांच्या खाली पेट घेईल अशी वाफ सोडत नाही. एवढ्यासाठी वेगळं इंधन, वेगळ्या टाक्या, वेगळे पाइप. विमाबिमा काही नसतो, आग विझवायचा सराव असतो. आठवड्याला.

मांजराकाठ

आज संध्याकाळी बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ते आता सत्तरीला आलेत, टँकर कधीच सोडला. डेकवरच्या काकांचं सगळं शांत ऐकून घेतलं. मग त्यांचे दोन प्रश्न. पहिला, "येताना रिकामा येतो का?" दुसरा, "कुणी घेतलंच नाही तर उरलेलं काय करतेत?"

पहिल्याचं उत्तर मी दिलं: रिकामा येऊन चालत नाही, त्याला स्वतःला उतरायचं असतं, आणि तोही चुकू शकतो. दुसऱ्याचं मला येईना. काका?

डेकवरचा

बाबांना माझा रामराम सांगा. धंद्यातला माणूसच हे विचारणार.

उतरायला वजनाची मर्यादा असते हे वर लिहिलंच आहे. ती टँकरलाही लागू. सगळ्यांनी पहिल्याच फेरीत तार पकडली, कुणाला घोटभरही लागलं नाही, तर टँकर भरलेलाच राहतो. भरलेला उतरता येत नाही. सुपर हॉर्नेटचे टँकर अशा वेळी उरलेलं इंधन हवेतच सोडून देतात. पांढरी रेघ दिसते मागे. मग हलके होऊन उतरतात. ज्या रात्री सगळं व्यवस्थित पार पडतं त्याच रात्री सगळ्यात जास्त सांडतं.

मांजराकाठ

सांगितलं. "वतून देतेत?" म्हणून तीनदा विचारलं. मग म्हणाले, "अन् खेपेच्या वहीत काय लिहितेत?"

डेकवरचा

किती भरलं, कुणाला किती दिलं, किती सोडलं, उतरताना किती होतं, सगळं. अमेरिकी जहाजांवर इंधनवाल्यांचे सदरे जांभळे असतात, त्यांना द्राक्षं म्हणतात. विमान थांबलं की पहिली धाव त्यांचीच, पाइप घेऊन.

मांजराकाठ

वहीचं पटलं. ओतायचं अजून पटलेलं नाही. जेवताना परत काढतील.